अर्पिताच्या कॉन्सर्टचं प्रास्ताविक

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

शुक्रवार म्हणजे नवीन गाणी यायचा दिवस. इंडी कलाकार, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे, शुक्रवारीच का रिलीज करतात ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत बसत नाही.

चहा होईपर्यंत बत्तीस गाणी ऐकली. प्रत्येकाची सुरुवातीची वीस सेकंदं. अनुभवी कानाला तेवढी बास होतात. पेजवर चार रिव्ह्यू टाकले. फॉलोअर्स १८६. त्यातले अकरा आमच्याच कॉलेजच्या ऑफिसातले आहेत आणि ते माझ्या भीतीने आलेत, कारण रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. असो.

पेजवर माझं नाव एम. जे. मुंजाजी हे नाव चांगलंच आहे, आजोबांचं आहे. पण पाथरीच्या मुंजाजीने पुण्याच्या बँडला तुमचा ड्रमर घाई करायलाय असं सांगितलं तर कोण मनावर घेणार? एम. जे.ने सांगितलं तरी घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

बायकोने, राजेश्रीने, विचारलं, नळ येऊन गेला, पाणी भरलं का. भरलं नव्हतं. कलेच्या माणसाला घरात किंमत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी

काल पुण्याला लाइव्ह कॉन्सर्ट. पहिलीच, पण पेजवर 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलंय.

पुढची खुर्ची मिळावी म्हणून चार वाजताच पोचलो. खुर्च्याच नव्हत्या. उभं राहून ऐकायचं म्हणे. गुडघ्याचं काय ते ज्याने त्याने बघायचं.

कार्यक्रम मात्र जबरदस्त. एक जण बराच वेळ एकच ढोल वाजवत होता. धप्. थांबायचा. धप्. दुसरा माइकजवळ येऊन वन, टू, एवढंच म्हणायचा, तेही वेगवेगळ्या भावनेने. श्रोते दोनच. मी आणि झाडणारा. परतीची गाडी होती म्हणून साडेसहाला निघालो. गाडीतच रिव्ह्यू टाकला: शब्दांना नकार देणारा धाडसी प्रयोग.

आज त्या बँडपैकी कोणीतरी कमेंट केली की सर, तो साउंड चेक होता, कार्यक्रम आठला सुरू झाला. त्याला ब्लॉक केलं. टीका सहन न होणारे कलाकार पुढे जात नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भाची आली होती. अर्पिता. लीलाताईची थोरली. परभणीच्या विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि आता गिटार घेऊन फिरते. जुलैत तिनं स्वतःचं गाणं काढलं, 'नंतर बोल'. मला सगळ्यात आधी पाठवलं होतं. मी लगेच ऐकलं. (वीस सेकंदं. त्यात कोणी गातच नाही, नुसती घरघर.) नावावरून अंदाज आला. 'प्रेमभंगाचं धारदार गाणं' असा रिव्ह्यू दिला. आता ते गाणं कुठल्या कुठे पोचलंय, तर पेजवर 'एम. जे.ने शोधलेली कलाकार' असं टाकलंय. खोटं काय त्यात? माझ्या बहिणीची पोरगी. माझ्याआधी कोण शोधणार?

तिला एका मोठ्या बँडबरोबर जानेवारीत सहा शहरांत गायला बोलावलंय. दहा डिसेंबरपर्यंत कळवायचंय. दाजी, म्हणजे तिचे वडील सूर्यभानराव, सोनपेठकडे शेती करतात. ते म्हणाले, तू काय करतीस ते एकदा डोळ्यानं बघतो, मग हो का न्हाई सांगतो. त्यांनी तिला आजवर गाताना ऐकलेलं नाही. म्हणून तिला परभणीत एक छोटा कार्यक्रम करायचाय, दाजींसाठी. चाळीसेक माणसं, एक माइक.

मी म्हणालो, माझ्यावर सोड. ती म्हणाली, मामा, तुमी फक्त हॉल बघा, बाकी काहीच नको. दोनदा म्हणाली. लाजाळू आहे पोरगी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हॉल मिळाला! आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांच्याच परभणीच्या शाळेचा. रविवार, ३० तारीख, पाच ते आठ. आठला शिपाई बाकं मांडायला घेणार, सोमवारी पोरांची परीक्षा आहे. आबासाहेबांनी बदल्यात काही मागितलं नाही. एवढंच विचारलं की फेटा तुमी बांधणार का मी घरून बांधून येऊ.

तेव्हा एक सत्कार आला. इंडीत सत्कार नसतो हे मला माहीत आहे. पण आबासाहेब नुसते येऊन बसले आणि उठून गेले, असं परभणी जिल्ह्यात आजवर झालेलं नाही. एक शाल, एक नारळ, दोन मिनिटं. बस.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आबासाहेबांचा करायचा म्हटल्यावर प्राचार्यांचा आला. प्राचार्यांचा केला आणि उपप्राचार्यांना वगळलं तर सोमवारी मला ऑफिसात बसणं मुश्कील. साउंडवाला ओळखीतला आहे. पेपरवाले दोघे आहेत, एकाचा केला तर दुसरा बातमी देत नाही. सूत्रसंचालनाला आमचे सिताराम सर. ते मानधन घेत नाहीत, पण शाल घेतात.

आणखी दोघे धरून एकूण नऊ. नऊच्या वर एकही नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सतरा.

अर्पिताचा फोन होता. म्हणाली, मामा, पप्पांना पुढच्या रांगेत बसवा, ते गाणं त्यांचंच हाय. ती होस्टेलवरून फोन करायची तेव्हा दाजी कायम पिकाला पाणी द्यायला मोटारीवर. मोटार चालू हाय, नंतर बोल, असं म्हणून फोन ठेवायचे. चार वर्षं. मी म्हणालो, माहीत आहे मला.

माहीत नव्हतं. फोन ठेवल्याबरोबर रिव्ह्यूमधला 'प्रेमभंग' काढून 'पितृप्रेम' टाकलं. धारदार तसंच ठेवलं. संध्याकाळी गाणं पूर्ण ऐकायचं नक्की केलं होतं, पण शालींचे रंग ठरवण्यात राहून गेलं.

तिनं असंही विचारलं की भाषणं न्हाईत ना? नाही म्हणालो. प्रास्ताविकाला भाषण म्हणत नाहीत.

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ८.००

आजचा प्लॅन:
५.०० दीपप्रज्वलन.
५.०५ सत्कार. प्रत्येकी अर्धं मिनिट.
५.१५ प्रास्ताविक, मी, चार मिनिटं.
५.२० अर्पिता.

दाजींची सोनपेठची शेवटची गाडी सव्वासातची. सातला उठले तरी त्यांना दीड तासाच्या वर गाणं मिळतं. आणखी काय पाहिजे? राजेश्री म्हणाली, दीपप्रज्वलनाला पाचच मिनिटं? तिला नियोजनातलं कळत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

लिहायची इच्छा नाही. पण मी रोजनिशीशी प्रामाणिक आहे.

आबासाहेब पाच पन्नासला आले. त्यांच्याशिवाय सुरू करणं शक्यच नव्हतं, यात माझा काय दोष? मग पंखा चालू म्हणून दिवा लागेना, पंखा बंद केला तर आबासाहेबांना घाम. सत्कार सुरू झाले. शाल घेतलेल्या माणसाला सिताराम सर दोन शब्द बोला म्हणायचे. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. बोलू नका असंही सांगितलं नव्हतं. शिवाय ते प्रत्येकाआधी एक चारोळी म्हणत होते.

माझी पाळी आली तेव्हा सहा पंचवीस झाले होते. समोर दोनशे माणसं. मी चार मिनिटांचंच आणलं होतं, देवाशप्पथ. पण पेजवर कोणी टाळ्या वाजवत नाही हो. इथे इंडी म्हणजे काय ते सांगितलं आणि टाळी पडली. मग पुण्याचा प्रयोग सांगितला. मग मी अर्पिताला कसं शोधलं ते. मग नवीन कलाकाराला आपण वेळ देत नाही, यावर बोललो. यावर सगळ्यात जास्त वेळ बोललो.

अर्पिता बाजूला गिटार घेऊन उभी. स्टेजवरच्या तिच्या खुर्चीवर उपप्राचार्य बसले होते.

सातला दाजी उठले. पुढच्या रांगेतून, खांद्यावर शाल, हातात नारळ, चौदा नंबरचा सत्कार त्यांचाच होता. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि गाडीची खूण केली. मी माइकवरून म्हणालो, आमच्या दाजींसाठी जोरदार टाळ्या. लोकांनी वाजवल्या. दाजी लाजत लाजत दाराबाहेर गेले. मी अर्पिताकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

सात दहाला संपवलं. म्हणजे पाऊण तास. मग आबासाहेबांचं अध्यक्षीय. अर्पिताच्या हातात माइक आला सात चाळीसला. ती 'नंतर बोल' गायली म्हणे. म्हणे, कारण मी आबासाहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तिचं दुसरं गाणं चालू होतं आणि सिताराम सर आभाराचा कागद घेऊन माझ्याकडे बघायलेले. आठला पाच कमी. आभार राहिले तर आपलीच बदनामी. मी तिला हाताने, थांब, अशी खूण केली. तिनं थांबवलं. अर्ध्या ओळीत.

नंतर ती एवढंच म्हणाली, मामा, गिटार धरा जरा. वाकून चपलेचा पट्टा लावला. वर बघितलं तेव्हा डोळे भरलेले. मला आधी वाटलं आनंदाने. मग वाटलं, नाही. लाज वाटली. हॉलमध्ये शिपाई बाकं ओढत होता आणि सतरापैकी उरलेले पंधराजण माझ्याशी हात मिळवून कार्यक्रम झकास झाला म्हणत होते, आणि मी थँक यू म्हणत होतो.

बुधवार, ३ डिसेंबर

स्टाफच्या ग्रुपवर अभिनंदनाचे एकोणतीस मेसेज. सगळे प्रास्ताविकाचे. एकाला वाटलं गिटारवाली पोरगी माझ्या भाषणाला म्युझिक द्यायला आणली होती.

ताईचा फोन. दाजी घरी जाऊन म्हणाले, पोरगी नुसती उभी होती, मी काय बघून हो म्हणू? ताई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला उलटं चिडता आलं असतं.

अर्पिता माझा फोन उचलत नाही. राजेश्रीला म्हणालो, उशीर आबासाहेबांनी केला. ती कणीक मळत होती. म्हणाली, आणि पाऊण तास आबासाहेबच बोलले का? जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

ठराव: रविवारी सोनपेठला जायचं. दाजींना समोर बसवून ते गाणं मीच समजावून सांगायचं. पोरीचं जानेवारीचं काम माझ्यामुळे अडलं, ते मीच सोडवणार. मुद्दे काढायला घेतले.

शनिवार, ६ डिसेंबर

मुद्दे अकरा झाले. गाणं उद्या एसटीत ऐकेन.

रविवार, ७ डिसेंबर

एसटीत हेडफोन लावले आणि झोप लागली.

दाजी हरभऱ्याला पाणी देत होते. मला बघून त्यांनी मोटार बंद केली, बांधावर बसवलं, पाणी दिलं. मी सुरू केलं. बाप, लेक, दुरावा, अकराही मुद्दे. दाजी मान डोलवत होते. वीस मिनिटं तरी ऐकून घेतलं असेल. मला बरं वाटायला लागलं होतं. शेवटी म्हणालो, म्हणून दाजी, पोरीला अडवू नका.

दाजी म्हणाले, अडवतोय कोण. ती गुरुवारीच येऊन गेली. इथंच बसून गायली. माइक न्हाई, काही न्हाई. म्या तीनदा म्हणायला लावलं. जा म्हणून सांगितलं तिला.

मी म्हणालो, वा. दुसरं काय म्हणणार.

मग दाजींनी विचारलं, तू तर जाणकार माणूस. शेवटी ती आईचं नाव घेती, तिथं तुला कसं वाटलं? मी म्हणालो, दाजी, काय सांगू, तिथं माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

दाजी पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत बसले. मग हळूच म्हणाले, त्यात आईचं नाव न्हाई रं मुंजाजी. उगं इचारलं.

जमीन फाटली असती तर अकरा मुद्द्यांसकट आत गेलो असतो. म्हणालो, दाजी, मी ऐकलंच नाही ते. एकदाही नाही. दाजी म्हणाले, ती म्हणलीच होती. आणि रागावले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याने जास्तच लाज वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की जानेवारीतला पहिला कार्यक्रम कधी आहे, पेजवर टाकतो. दाजी आणि ताई दोघं जाणार आहेत म्हणे, तिकिटंही काढून झाली. पण तारीख सांगेनात. मी पुन्हा विचारलं तेव्हा चाचरत म्हणाले की बाकी सगळ्यांना सांगा म्हणलीय ती. फक्त मामाला सांगू नका म्हणली.

मी बरं म्हणालो. साडेचारच्या गाडीने पाथरीला परत आलो.