न हलणारा तारकागुच्छ

४ जानेवारी, पहाटे

टक, टाक्, टाक्. टक, टाक्, टाक्. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर पडायची आणि अख्खा वर्ग एका घशाने कविता म्हणायचा. लघूला हळू, गुरूला जोरात. पासष्ट-सहासष्ट वर्षं झाली त्याला. आज तोच आवाज ऐकून जाग आली. क्षणभर हाफपँटमध्ये होतो.

उठून दाराच्या भोकातून पाहिलं तर लिफ्ट. दारात कोणाची तरी चप्पल अडकली होती आणि दार मिटत-उघडत होतं. असो. वृत्त मात्र बरोबर ओळखलं. भुजंगप्रयात.

मुक्काम मुलाच्या फ्लॅटमध्ये, सातवा मजला. लोक याला विश्रांती म्हणतात, मी स्थानबद्धता म्हणतो. ऑक्टोबरात माझ्या घरी गच्चीच्या लोखंडी शिडीवरून घसरलो. दुर्बीण वाचली, घोटा गेला. तेव्हापासून इथे. मुलगा आणि सूनबाई सकाळी ऑफिसला जाताना दार ओढून घेतात. खट्. झालं, संध्याकाळपर्यंत कैद. खिडकीतून दोन इमारतींच्या मधलं पट्टीएवढं आकाश दिसतं, त्यातही गादीच्या जाहिरातीचा दिवा.

काल जेवताना मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं घर एक फेब्रुवारीपासून भाड्याने देऊ या, बंद घराला वाळवी लागते. मी म्हणालो, देऊ नकोस, मी परत जातोय. तो म्हणाला, तिथे एकटे राहून करणार काय? सूनबाई म्हणाली, शिडीवर चढणार, आणखी काय.

संकल्प : महिनाअखेरपर्यंत आपल्या आकाशगंगेत एक नवा खुला तारकागुच्छ शोधणे. शोधकर्त्याला अंधारं आकाश लागतं. त्याला सातव्या मजल्यावर कोंडून ठेवायची कोणाची छाती होणार नाही. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बघू.

म्हणजे तत्त्वतः मान्य.

६ जानेवारी

खुला तारकागुच्छ म्हणजे भावंडं. एकाच ढगातून जन्मलेले शे-पाचशे तारे, एकाच वेगाने एकाच दिशेला निघालेले. कोणी कोणाला घट्ट धरलेलं नसतं. हळूहळू पांगतात. शेवटी कोण कोणाचं हे ओळखूही येत नाही. (यावर कविता होईल.)

शोधायला दुर्बीण लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एका उपग्रहाने कोट्यवधी ताऱ्यांची मोजमापं घेतलीत आणि ती यादी सगळ्यांना फुकट खुली आहे. तारा कुठे आहे, किती लांब आहे, कोणत्या बाजूला किती सरकतोय. सारखे सरकणारे तारे वेगळे काढले की झाला गुच्छ. मी जन्मभर टपाल खात्यात सॉर्टिंग केलंय. ढिगातून एका गल्लीची पत्रं डोळे मिटून काढायचो. हे त्याहून सोपं. तिथे निदान अक्षर लावावं लागायचं.

सूनबाईचा जुना लॅपटॉप ताब्यात घेतला. उद्यापासून कडक वेळापत्रक.

९ जानेवारी

काम सुरू झालेलं नाही. कारणं : १. खुर्ची बुटकी. २. वाचायचा चष्मा वेगळा, स्क्रीनचा वेगळा, आणि दोन्ही एकाच खिशात. ३. फाइल उतरायला दोन दिवस लागले. त्या वेळात शोधानंतरचं भाषण लिहून काढलं. चांगलं झालंय. पोस्टमास्तरांचा उल्लेख काढून टाकला, त्यांनी माझी बढती अडवली होती.

११ जानेवारी

फाइल उघडली. मुंग्यांचं वारूळ फुटावं तसे आकडे. पण मधेमधे खाने रिकामे! गणित लावायला गेलं की तिथे लॅपटॉप चुकीची खूण दाखवतो आणि सगळं बोंबलतं.

रिकाम्या जागा मला बघवत नाहीत. गुरुजी सांगायचे, पेपरात रिकामी जागा सोडायची नाही, काहीतरी भरा, कोरी दिसली की मी शून्य देईन. म्हटलं, मग शून्यच भरू. एका बटणात सगळे रिकामे खाने भरतात, ते सूनबाईनेच दाखवलं. ती अकाउंट्समध्ये आहे. ओट्यापाशी उभी राहून विचारत होती की बाबा, रिकामे आहेत तर असू देत ना, कशाला भरताय?

मी म्हटलं, शिस्त.

आता फाइल कशी देखणी दिसते.

१४ जानेवारी

पहिला गुच्छ सापडला! सगळे तारे एकाच दिशेने निघालेले, अंतरही सारखं. नाव शोधलं तर कृत्तिका. त्यातले सहा-सात मला लहानपणापासून नुसत्या डोळ्यांनी ठाऊक आहेत. म्हणजे शोध बिनचूक आहे. माझ्याआधी कोणालातरी लागला, एवढाच काय तो फरक.

सूनबाईला सांगितलं. म्हणाली, वा, आणि आंघोळ झाली का?

१६ जानेवारी

सकाळी दोघं ऑफिसला निघायच्या आधी फिजिओबाई आल्या. वय असेल तिशीचं, पण हुकूम हेडमास्तरांसारखे. घोटा वळवून पाहिला आणि म्हणाल्या, आजोबा, पाय ठणठणीत आहे, आता रोज खाली उतरून फेरी मारायची. मी म्हणालो, कशी मारणार, दिवसभर कुलपात असतो. त्या दाराकडे बघायला लागल्या. मी लगेच विषय बदलला. शिवाय शास्त्रज्ञाने निर्णायक क्षणी फेऱ्या मारत बसायचं नसतं.

व्यायाम उद्यापासून.

१९ जानेवारी, दुपारी सव्वातीन

सापडला.

आज वेगाच्या रकान्याने सगळी फाइल लावली. डाव्या-उजव्या दिशेचा वेग, वर-खालचा वेग. आणि मधोमध दोनशे सतरा तारे, ज्यांचा वेग अगदी एकसारखा. शून्य! ते सरकतच नाहीत. बाकी सगळं विश्व धावपळीत आणि हे आपले जिथल्या तिथे. कृत्तिकेतसुद्धा आकडे थोडे इकडेतिकडे होते, इथे एका केसाचा फरक नाही. अंतर बघावं तर तो आकडाही शून्य. म्हणजे इतके दूर की मोजमापच संपलं.

आकाशात मात्र सगळ्या कोपऱ्यांत विखुरलेत. म्हणजे गुच्छ प्रचंड मोठा.

(पुढचं रात्री लिहितोय.) संध्याकाळी दोघांना सांगितलं. मुलगा मोजे काढत होता, म्हणाला, अरे वा. सूनबाई म्हणाली, न हलणारे? तुमच्यावरच गेलेत की! मला राग आला नाही. मोठ्या शोधाच्या वेळी घरचे असेच वागतात.

मुलाला म्हटलं, मग आता घराचं? तो म्हणाला, भाडेकरू जवळजवळ ठरलेत, पण बघू.

दुसऱ्यांदा बघू म्हणाला. पक्कं समजायला हरकत नाही.

२० जानेवारी

हौशी खगोल मंडळाच्या सचिवबाईंना ईमेल पाठवला. सोबत फाइल. सुरुवातीला दोन ओळी टाकल्या, कारण कोरडं पत्र मला जमत नाही :

न हाले न डोले असा गुच्छ माझा
जगाला कळू दे निघालो घरी मी

पाठवल्या पाठवल्या उत्तर! ‘आपला संदेश मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.’ अक्षरशः त्याच मिनिटाला. बाई लॅपटॉपपाशी माझीच वाट बघत बसल्या असाव्यात.

सूनबाई म्हणाली, बाबा, ते मशीन उत्तर देतं, मलाही बँकेकडून येतं. तिला कवितेची आवड नाही, त्याला ती तरी काय करणार.

बॅग काढून कपडे भरून ठेवले. स्वेटर वर.

२४ जानेवारी

उत्तर नाही. साहजिक आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीला वेळ लागतो. परदेशी विचारत असतील.

दिवसभर दाराकडे तोंड करून बसलो. कुलूप लावलेलं दार फार बोलतं. लिफ्ट येते, थांबते, जाते. पलीकडच्या फ्लॅटमधली बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती की आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, कधी बाहेरच पडत नाहीत. ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, मला पडू देत नाहीत!

ओरडलो नाही. आवाज भाषणासाठी राखून ठेवलाय.

बॅगेतून स्वेटर काढावा लागला. थंडी आहे.

२८ जानेवारी

सचिवबाईंचं पत्र आलं. छोटं आहे. मला पूर्ण वाचायला तासभर लागला.

त्या लिहितात की या दोनशे सतरा ताऱ्यांचा वेग आणि अंतर मूळ यादीत दिलेलंच नाही. उपग्रहाला ते मोजता आलं नाही, म्हणून ते खाने मुद्दाम रिकामे सोडलेत. हे तारे थांबलेले आहेत असं नव्हे. सरकतात की नाही, कुठे सरकतात, जवळ आहेत की लांब, कोणालाच काही ठाऊक नाही. एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. शून्यं आपण भरलीत का?

मी भरली.

म्हणजे माझा अख्खा गुच्छ रिकाम्या जागांचा. ज्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही, अशा सगळ्यांना मी एका घरात बसवलं.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘वृत्त मात्र कुठेही सुटलेलं नाही.’ ही ओळ चार वेळा वाचली. बाईंना साहित्याची उत्तम जाण आहे.

मुलाला सांगितलं नाही. जेवताना तोच म्हणाला की किल्ली एकतीसला द्यायची कबूल केलंय. मी भात कालवत राहिलो. सूनबाई माझ्याकडे बघत होती. नंतर खोलीत येऊन विचारलं, बाबा, शून्याचं काही बिघडलं का? मी म्हटलं, शून्याचं काय बिघडणार. ती उशीचा अभ्रा बदलून गेली. स्वच्छच होता तो.

३० जानेवारी

नवा संकल्प : आकाश बंद. त्या क्षेत्रात आता राजकारण शिरलंय. उद्यापासून खंडकाव्य. त्याला घर लागत नाही, गच्ची लागत नाही, बसल्या जागी होतं. खरं तर माझ्यासारख्याला फ्लॅटच बरा.

हे वाक्य लिहिलं आणि भरलेली बॅग कॉटखाली सरकवली.

३१ जानेवारी, दुपार

खंडकाव्याचं शीर्षक ठरवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. नियमाप्रमाणे आतूनच ओरडलो, घरात कोणी नाही, बाहेरून कुलूप आहे, संध्याकाळी या!

बाहेरून आवाज आला, मग बोलतंय कोण, भूत?

हा आवाज मी कुठेही ओळखीन. माझी थोरली बहीण. अक्का. वय ब्याऐंशी. तीन वर्षांपासून लेकीकडे असते, लांब. आम्ही फोनवर फक्त औषधांची नावं बोलतो.

म्हटलं, अक्का, तू इथे कशी? कोणाबरोबर आलीस? म्हणाली, माझ्याबरोबर मी आले, बसने. दार उघड. म्हटलं, कुलूप आहे गं. ती म्हणाली, गाढवा, मी कुलपासमोरच उभी आहे. हे लॅच आहे. आमच्याकडेही असलंच आहे. बाहेरून किल्ली लागते, आतून नुसती मूठ फिरवायची. तीन महिने झाले ना तुला इथे?

म्हटलं, फिरत नसणार. म्हणाली, फिरवून बघितलीस का कधी?

या प्रश्नाचं उत्तर इथे लिहीत नाही.

फिरवली. दार उघडलं. समोर अक्का, केस पांढरे शुभ्र, हातात पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. आणि तिच्या बोटात माझ्या घराची किल्ली! वाटेत मुलाच्या ऑफिसात जाऊन घेऊन आली. त्याने तिला सहज फोन केला होता म्हणे, की अक्काआत्या, बाबांचं घर भाड्याने देतोय, तुला माहेरचं काही सामान हवं असेल तर सांग. ती त्याला म्हणाली, घर सामानासकट मीच घेते, मला लेकीकडे जीव नकोसा झालाय. भाडेकरू मी. आणि सामानात तुझा बाप आला तर चालेल का?

विचारलं, मग काय म्हणाला तो?

म्हणाली, बघू म्हणाला. मी म्हटलं, बघत बस, साडेतीनची बस आहे.

तिला सगळं सांगायला घेतलं. उपग्रह, भाषण, दोनशे सतरा तारे, घोटा, खंडकाव्य, फ्लॅटचे फायदे. म्हणाली, चप्पल कुठाय तुझी?

म्हटलं, दोन ओळी लिहून घेतो. हे लिहितोय आणि ती उंबऱ्याबाहेरच उभी आहे. चार वेळा आत बोलावलं, येत नाही. म्हणते, मी आत आले की तू चहा टाकशील, आणि चहा झाला की बसशील.