मोहोरावरचं औषध

दर्शना,

लग्न मोडून दोन वर्षं झाली, आता तरी खरं सांगतो. आईने तुला वांझ म्हणून माहेरी धाडलं, त्याच्या महिनाभर आधीच माझा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, हापूसच्या बागांत फवारणी, बारा वर्षं. मोहोर गळू नये म्हणून पिंपातलं औषध उघड्या हाताने ढवळायचो. म्हणाले, शुक्राणू जवळजवळ नाहीतच, त्या विषाचाच परिणाम असणार. मूल व्हावं म्हणून तू देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलंस, तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता.

उद्या मुलगी बघायला जायचंय. आई म्हणते, या खेपेला मुलीची तपासणी आधीच करून घेतली आहे. मी शर्टाला इस्त्री केली. हे पत्रही रिपोर्टच्याच पाकिटात घालून कपाटाच्या तळाशी ठेवतोय.

तुझा म्हणवत नाही,
विलास