पिशवी माझ्या हातची आहे

१४ मार्च, मंगळवार

चिमणे,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण त्याचं आता काय नवल. खालच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय, दिवसभर जमीन थरथरते. मी खिडकीला जाळी बसवून घेतली. पडदेही धुतले.

पडद्यांचं पुरे. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी जास्तच तापले.

तू लिहितेस, ती लाल कातडी पिशवी सासूबाईंना भेट दिलीस. त्या ती खांद्याला लावून उन्हातून गेल्या आणि पट्ट्याचा लाल रंग त्यांच्या फिक्या कुर्त्यावर उतरला, मानेवरसुद्धा. त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, दुकानातून घेतली, दुकानदाराने फसवलं. मीही तेच सांगायचं म्हणे. आणि रविवारी तुमच्या नव्या घरी पाहुणे जेवायला येणार, तर मी शक्यतो येऊ नये, आलेच तर रंगलेले हात झाकायला हातमोजे घालून यावं.

अगं बाई, तू कोणाच्या घरात वाढलीस? मी बाजारात गेले असताना तू ती माझ्या खुंटीवरून काढून नेलीस. खुंटीवरचं काम अर्धवट असतं, हे तुला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. तिला नुसता रंग दिलेला होता. कोरड्या फडक्याने सुटा रंग पुसून काढायचा होता, मग रंग धरून ठेवणाऱ्या सीलचे दोन पातळ हात द्यायचे होते, पहिला वाळल्यावर दुसरा. तेही फक्त दिसणाऱ्या बाजूला नाही. पट्ट्याच्या आतून आणि कापलेल्या कडांनाही, कारण अंगाला आणि कपड्यांना घासतं ते तिथेच, आणि घाम आला की रंग सुटतो तोही तिथूनच. शेवटी ओलं पांढरं फडकं अंगठ्याखाली दाबून घासायचं. फडकं पांढरं राहिलं तरच वस्तू दाराबाहेर जाते. त्याशिवाय माझा एक पट्टा कधी गेला नव्हता. गेला तो तुझ्या हातून, आणि बसला नेमका विहीणबाईंच्या खांद्यावर. हसू येतं मला, पण राग जास्त येतो.

दुकानदार कुठला गं? नसलेल्या माणसाच्या नावाने बोटं मोडून तू मोकळी झालीस, आणि बोल लागला माझ्या कामाला.

आता खरं ते लिहिते. काल मी तुझ्या सासूबाईंकडे जाऊन आले. तू कामावर असशील अशी वेळ बघूनच गेले.

त्यांनी चहा केला. मी पिशवी मागितली. त्यांनी ती कपाटाच्या तळातून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणाल्या, "भिकार माल हो. पोरीला कोणीतरी टोपी घातली."

"टोपी नाही," मी म्हटलं, "ही माझ्या हातची आहे. अर्धवट होती तेव्हाच पोरीने उचलली."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. नखांत लाल रंग होताच, तो कुठे जातोय. "म्हणजे तुम्ही कातड्याचं काम करता? सूनबाई तर म्हणाली, तुम्ही घरीच असता."

"घरीच असते आणि घरीच करते. तिचं शिक्षण त्यावरच झालं."

त्यांनी कप खाली ठेवला आणि पिशवीवर कागद पुन्हा गुंडाळला. मला वाईट वाटलं. पण मी उठले नाही. चहा संपवला, पिशवी काखोटीला मारली आणि सांगितलं, रविवारी नीट करून तुमच्या हातात देते. "बघू," म्हणाल्या. मला तेवढं पुरे.

तू म्हणशील, आईने माझी अब्रू घालवली. म्हण. माझी लाज झाकायला निघाली होतीस ना? मला लाजच वाटत नाही, तर झाकणार काय?

पिशवी आता आतून-बाहेरून सील केली आहे. आज माझा पांढरा सदरा घातला, ती खांद्याला लावली आणि भर उन्हात पुलापर्यंत जाऊन आले. घामाने निथळले, पण सदऱ्यावर एक ठिपका नाही. गुडघ्याचं काय झालं ते विचारू नकोस.

रविवारी मी येणार. उघड्या हातांनी येणार आणि सगळ्यांसोबत जेवायला बसणार. कोणीतरी विचारेलच, या कोण, काय करतात. मी तोंड उघडणार नाही, तुझ्याकडे बघेन. उत्तर तू द्यायचंस, विहीणबाईंच्या देखत. खोटं बोललीस तर पिशवी त्यांच्या हातात ठेवून भरल्या ताटावरून उठेन, आणि पुन्हा तुझ्या दारात यायची नाही.

काय सांगायचं ते आत्ताच ठरव. पाहुण्यांसमोर अडखळू नकोस.

तू कोणाला काहीही सांगितलंस तरी तुझीच,
आई