पायपीटचं वर्तुळ

प्रिय पायपीट,

नकाशांच्या कचेरीत तुला हे नाव ठेवलं ते मीच. गाडी दाराशी उभी असताना पायी फिरून मोजणी करणारा मोजणीदार दुसरा नव्हता. आपल्याला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात तेच बसलंय, तेव्हा रागावू नकोस. पत्र जरा लांबणार आहे. चष्मा पुसून बस.

दोन महिन्यांपूर्वी मी तुझं वर्तुळ बघून आले. हो, टेकडीमागच्या कुरणातला तोच मातीचा गोल बांध, माणसाला लिहिता येण्याच्याही आधी कुणीतरी रचलेला. कशासाठी, ते सांगायला कुणी उरलं नाही. वर्तमानपत्रात नव्या रस्त्याची आखणी छापून आली होती आणि ती रेघ थेट त्याच्या पोटातून जात होती. आपल्या नकाशावर तिथे नुसतं मोकळं कुरण, मग रस्तेवाल्यांना तरी काय बोलायचं! लेकीला म्हटलं, गाडी काढ.

कुरणाच्या मालकीणबाई रबरी बूट घालून गाईंना पाणी पाजत होत्या. म्हणाल्या, बघण्यासारखं काही नाही हो तिथे, गाईंची बसायची जागा आहे. खरंच, आधी मला काही दिसेना. कमरेएवढा उंचवटा, त्यावर गवत, आतल्या अंगाला बुजत आलेला खंदक. पण बांधावर चढून चालायला लागले आणि तो वळतच राहिला, वळत वळत मला पुन्हा त्याच गाईपाशी घेऊन आला. तुझी मोजणी तीनशे बारा पावलांची होती. माझी चारशेच्या वर गेली, गुडघ्यांची कृपा. पूर्वेला येण्याजाण्यापुरती फट सोडलेली आहे, तिथे बराच वेळ उभी राहिले. टोपल्याटोपल्यांनी माती वाहणारी ती माणसं आणि त्यांच्यानंतर कधीही तिथे नांगर न घालणारे सगळे मालक, सगळ्यांना हात जोडावेसे वाटले. लेकीने विचारलं, आई, रडतेस काय? मी म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता.

आता त्या जुन्या दिवसांचं. आरेखन विभागातलं माझं टेबल, खालून दिवा लावलेली काच आणि तिच्यावर तुझ्या मोजणीचा कागद. तुझे कागद म्हणजे एक नमुनाच. अक्षर मोत्यासारखं आणि जागोजागी चहाच्या पेल्याचे गोल डाग! शाईने नक्कल करताना ते डाग सोडून द्यायची मला सवयच झाली होती. त्या कागदावर कुरणात एक फिकट तपकिरी गोल होता. मातीकाम तपकिरी पेन्सिलीने दाखवतात हे नोकरीत नवी असूनही मला पाठ होतं. पण तुझ्या कागदावर तपकिरी गोल म्हटल्यावर मी मनाशी हसले आणि पुढे गेले. त्यातली फटसुद्धा दिसली होती. वाटलं, पेला नीट टेकला नसेल. तू मला काटेकोर म्हणायचास ना!

पुढे कुण्या अभ्यासकाने पत्र लिहून विचारलं, एवढा जुना बांध तुमच्या नकाशात कसा नाही? साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. माझी नोकरी कायम झाली नव्हती, वडील अंथरुणाला खिळलेले. तो डाग नव्हता, हे मला तिथेच उमगलं. आणि तू अगदी सहज म्हणालास, माझ्याकडूनच राहिलं, साहेब. त्यांनी मूळ कागद मागवलाही नाही. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू म्हणून फायलीत गेली आणि तिथेच राहिली. तुझी मोजणी मात्र बंद झाली. पायाला भिंगरी असलेला माणूस नऊ वर्षं नकाशांच्या कोठारात स्टुलावर बसला. मी ब्र काढला नाही. तूही कधी विषय काढला नाहीस. उलट नव्या पेन्सिली आल्या की आधी माझ्या टेबलावर आणून ठेवायचास.

कुरणातून परतले ती थेट कचेरीत. हल्लीच्या साहेब एक बाई आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांना सगळं लिहून दिलं, माझ्या सहीनिशी. कोठारातून तुझा कागद निघाला, तूच बांधलेल्या फितीत. सगळे डाग जागच्या जागी आणि त्यांच्यात ते वर्तुळ. बाई आधी खळखळून हसल्या, मग भिंग घेऊन कागदावर वाकल्या. रस्त्याच्या सुनावणीला तो कागद त्या स्वतः घेऊन गेल्या.

काल निर्णय आला. रस्ता कुरणाला वळसा घालून जाणार आहे. हे पक्कं झाल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. सोबत माझ्या कबुलीची प्रत आहे आणि दुरुस्त नकाशाचा पहिला कागद. वर्तुळ मीच काढलंय, फटीसकट. बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं. कोपऱ्यात मोजणीदार म्हणून तुझं नाव आहे. माफी मागायची ती मागतेच. पण त्याहून जास्त आभार मानायचेत. तू तो आळ अंगावर घेतलास म्हणून माझ्या वडिलांची शेवटची वर्षं सुखात गेली, माझं घर उभं राहिलं. नोकरीच्या तेहेतीस वर्षांत आणि नंतरही हे तुझ्या तोंडावर बोलायचा धीर मला झाला नाही. आता नकाशा टेबलावर पसर आणि त्यावर चहाचा पेला खुशाल ठेव.

तुझीच,
काटेकोर