भूपेन, ऐक

२ मार्च
पोचलो एकदाचा! खापरहून जीपने वर आलो आणि शेवटच्या वळणावर उतरून पायवाटेने उदेसिंग वसावेच्या घरी. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, आणि अंगण संपतं तिथेच सागाचं जंगल सुरू. त्याची बायको तुळशीबाई हिने ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा वाढला. पोटात जागा नव्हती तरी आणखी एक भाकरी घेतलीच.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो मीच. जन्म ब्राह्मणपुरीचा, आणि पक्षी पाहत हिंडलो केनियात, बोर्निओत, पेरूत. आपल्याच जिल्ह्यातला रानपिंगळा तेवढा राहिला. हे इवलंसं घुबड फार थोड्या जंगलांत उरलंय आणि ते चक्क दिवसा ओरडतं. माझ्या बायकोने, रुचिकाने ते पाहिलं होतं. मला मस्कतच्या नोकरीतून सुटी मिळेना, म्हणून ती मैत्रिणींबरोबर इथे येऊन गेली आणि माझ्यासाठी त्याचा आवाज टिपून आणला. तिला देवाघरी जाऊन आता वर्ष होईल. तिने पाहिलेला पक्षी मलाही एकदा पाहायचाय, बस्स.

३ मार्च
सकाळभर चाललो. पानगळीने सगळी जमीन पापडासारखी वाजते. रुचिका असती तर तिने दहादा दटावलं असतं. कुठल्याही देशात जा, ऐन वेळी माझा पाय वाजायचा आणि ती कुजबुजायची, ‘भूपेन, हलू नकोस.’ तिच्यामुळेच मला पक्षी दिसले, नाहीतर मी म्हणजे रानात सुटलेला रेडा.

एक गंमत कळली. इथे जंगलात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. कुकारी घालतात, म्हणजे लांब हेल काढून आरोळी. प्रत्येक घराची निराळी. मी लांबून ‘उदेसिंग!’ म्हणून ओरडलो तर तो धावत आला आणि माझ्या तोंडावर हातच ठेवला. ‘जंगलमा नाव लेवानं नही, पाटील.’ मग त्याच्या घराची कुकारी मला शिकवली. माझी ऐकून तुळशीबाई हसून हसून खाली बसली.

५ मार्च
आज रुचिकाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. आम्ही पक्षीवेडे हे करतोच. आपल्या जातीचा आवाज ऐकून पक्षी उत्तर देतो. सुरुवातीला तिचा आवाज आहे, ‘भूपेन, ऐक.’ मग पिंगळ्याची साद. तेवढं काढून टाकता आलं असतं. मला ते काढवत नाही.

समोरच्या डोंगरातून उत्तर आलं! पक्षी काही दिसला नाही. मी सकाळभर लावत राहिलो. उदेसिंगला कळलं की त्यात माझं नाव आहे, तेव्हा त्याने हातातलं काम टाकलं. किती वेळा लावलं, एवढंच त्याने विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

७ मार्च
आता मी लावायच्या आधीच साद येते. आणि सादेच्या अगोदर आणखी काहीतरी असतं. दोन शब्दांएवढं.

इतर पक्षी ओरडत नाहीत. कोतवाल नाही, सातभाई नाहीत. एवढं मुकं जंगल मी कुठेच पाहिलं नाही.

८ मार्च
‘भूपेन, ऐक.’

स्पीकर घरी होता. फोन खिशात, बंद पडलेला. भर उन्हात, सागाच्या खोडांमधून, तिचाच आवाज. मी तिथेच बसून रडलो. भीती नंतर वाटली. आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू.

९ मार्च
तुळशीबाईनेही तो ऐकला, मोहाची फुलं वेचताना. टोपली तिथेच टाकून आली. म्हणाली, ‘ती तुम्हनी बाई नही शे.’ मग दिराचं सांगितलं. खात्या त्याचं नाव. झाडं तोडायला आलेला ठेकेदार त्याला दिवसभर जंगलात नावाने हाका मारायचा. नाव जंगलाला पाठ झालं. मग ठेकेदार निघून गेला तरी हाका येतच राहिल्या. खात्या त्या हाकेमागे गेला, तो गेलाच.

उदेसिंग म्हणतो, निघा. होळीआधीच्या बाजारामुळे जीप परवाच मिळेल. तोवर घराबाहेर पडायचं नाही.

मला जायचं नाही. पुन्हा कुठे ऐकू येणार तिचा आवाज?

१० मार्च
कुडापलीकडून बोलली. नुसतं ‘ऐक’ नाही. ‘गुडघा दुखतो का रे?’ इतक्या मायेने, की मी हो म्हणालो. दाराची कडी काढायला हात गेला आणि—

गुडघा ती गेल्यावर दुखायला लागला. रुचिकाला हे ठाऊकच नाही.

इथे मला लंगडताना कुणीतरी पाहिलंय. रोज.

कडी लावून बसलोय. उद्या जातो. उद्या नक्की जातो.

११ मार्च
वळणावरच्या दगडावर बसलोय. गुडघा पुढे चालेना, म्हणून उदेसिंग मला इथवर सोडून जीप आणायला खाली गेला. तो खालून कुकारी घालेल, मी कुकारीनेच उत्तर द्यायचं, मग तो मला घ्यायला वर येईल. उत्तर आलं नाही तर तो वर पाऊल टाकणार नाही. दुसरं कुणी काही बोललं तर ऐकायचं नाही. मन गुंतावं म्हणून लिहीत बसलोय—

समोरच्या सागावर रानपिंगळा.

खरंच. कपाळावर ठिपके नाहीत, शेपूट झटकतोय. माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागे बघतोय—

‘भूपेन, हलू नकोस.’

अगदी तिच्यासारखं. मानेजवळ. आणि मी हलायचा थांबलो. सवयच ती, इतक्या वर्षांची—

पिंगळा उडाला.

पानं वाजली नाहीत. एवढ्या वाळल्या पाचोळ्यात काहीच वाजलं नाही—

खालून कुकारी. उदेसिंग. उत्तर द्यायला हवं. तोंड उघडायला हवं—

पुन्हा कुकारी.

फक्त हात हलतोय. ती म्हणते, हातही