होळीपर्यंत उठवू नये

मी, द्वारकाबाई, कैलासवासी पुंजाराम यांची बायको, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीनं सांगून लिहवते. छातीत दम भरतो, पण डोकं बिलकुल जाग्यावर आहे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. तसा करणारा अजून जन्माला यायचाय. वैद्यबुवा धीर देतात, पण यंदाची होळी मला दिसेल असं वाटत नाही, आणि माझी दोन कासवं होळीशिवाय उठत नाहीत. म्हणून ही लिखापढी.

माझी लुगडी व पाटल्या धाकटी बहीण सगुणाबाई हिला द्याव्या. पाटा-वरवंटा शेजारच्या झुंबरबाईनं नेलेला आहे. तो आधी परत आणावा, मग सगुणाला द्यावा. झुंबरबाईला काही देऊ नये. दर हिवाळ्यात ती गोठ्यात डोकावून म्हणते, "अगं बाई, मेलीत की ती! टाक उकिरड्यावर." मेलेली नाहीत. थंडीत कासव झोपतं, एवढंही तिला कळत नाही.

कासवं गोठ्याच्या कोपऱ्यात, अर्ध्या पुरलेल्या रांजणात आहेत. मालकांनीच नदीवरून आणलेली. दिवाळी झाली की खाणं सोडतात. बळंच भाकरी कोंबू नये. खाली मऊ माती, वर पाचोळा, माती सुकली तर ओंजळभर पाणी. शेकोटीजवळ नेऊ नये, अवेळी उठतात आणि उपाशी मरतात. रांजणाच्या तोंडावर डालं ठेवावं, मुंगूस टपलेलंच असतं. होळी झाल्यावर परातीत कोमट पाणी घेऊन त्यात सोडावं, आणि समोर तांदुळजाची कवळी पानं ठेवावी. वास आल्याशिवाय कोणी मेलं म्हणायचं नाही.

राहतं घर, गोठा आणि विहिरीतला माझा हिस्सा माझा दीर भुजंग याला.

इथं लिहिणारे राधाकिसनराव थांबले. म्हणाले, "द्वारकाकाकू, मी बराबर ऐकलं ना? भुजंग?" बराबर ऐकलं. लिहा.

त्याचं-माझं बोलणं बंद आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कशावरून, ते सांगते. मालक होते तेव्हाची गोष्ट. थोरलं कासव रांजणातून निघून घरातल्या कापसाच्या ढिगात जाऊन झोपलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. भुजंगानं कापूस गाडीत भरून भोकरदनच्या बाजारात नेला. अडत्याच्या हाताला टणक लागलं. "वजनाला धोंडा घातलाय!" म्हणून त्यानं बाजार गोळा केला, आणि भर उन्हात त्या धोंड्यानं मान बाहेर काढली. तेव्हापासून बाजारात भुजंगाचं नाव कासवराव पडलं. घरी येऊन त्यानं कासवावर काठी उगारली. मी आडवी आले. म्हणाला, "वयनी, या घरात हे ऱ्हाईल न्हाई तर मी." मी म्हणाले, "मंग दार उघडं हाय." वाटण्या झाल्या. मालक दोघांची समजूत घालता घालता गेले. माझं चुकलं असं मी म्हणत नाही. राधाकिसनराव, तसं लिहूही नका.

पण गेल्या पौषात मी हिवतापानं अंथरुणाला खिळले. रांजणाकडे बघणारं कोणी नव्हतं, जीव नुसता टांगणीला लागला होता. कशीबशी उठून गेले, तर माती ओली आणि वर नवा पाचोळा, पळसाचा. पळस फक्त भुजंगाच्या बांधावर आहे. घरात येऊन पोटभर रडले. फार बरं वाटलं होतं.

तेव्हा कासवं त्यालाच. अट एकच. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्यानं उंबरा ओलांडून यावं, वयनी म्हणून हाक मारावी आणि रांजणावरचं डालं माझ्या हातून घ्यावं. मेल्यावर आला तरी घर त्याचंच, पण मला हाक ऐकू येणार नाही.

मुक्काम धावडा, कार्तिक वद्य पंचमी, सन फसली १३४७.

निशाणी अंगठा: द्वारकाबाई
साक्षीदार: धर्मराज, कचरू
लिहिणार: राधाकिसन

कचरूनं धावत जाऊन अट सांगितली, आणि शाई वाळायच्या आत भुजंग स्वतः आला. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत खाली घेतलं आहे:

"वयनी, आलो. समदं कबूल हाय. पण पाणी किती कोमट, ते मला कळत न्हाई. होळीला तुमीच हात घालून सांगा."

निशाणी अंगठा: भुजंग