त्रेसष्ट सेंटिमीटरवरची रेघ

सोमवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गाडीला काय काय केले ते क्रमाने लिहून पाठव म्हणालात, म्हणून लिहिते.

१. शनिवारी सकाळी साडेनऊला पुढचा बंपर उतरवला. बोल्ट आठ, क्लिपा सहा. एक क्लिप तुटली. ती माझ्या हातून.

२. बंपरला एकही भोक पाडलेले नाही. कंपनीचा बंपर म्हणजे नुसते वरचे प्लास्टिक. दिव्यांचे वजन त्याला पेलत नाही, महिन्याभरात ते थरथरू लागतात. त्याच्यामागे आडवा लोखंडी बार आहे. त्याला आधीपासून असलेल्या भोकांत मी करून आणलेली पट्टी बसवली आणि तिची दोन टोके खालच्या जाळीतून बाहेर काढली.

३. जादा दिवे दोन. मधल्या रेषेपासून बत्तीस-बत्तीस सेंटिमीटर, जमिनीपासून अडुसष्ट.

४. अप्पर लावला तरच ते लागतात, डिप्पर केला की बंद. समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत.

५. बोल्ट घट्ट केल्यावर बोल्ट आणि पट्टी दोन्हींवरून आईच्या जुन्या लाल नेलपेंटची एकेक रेघ ओढली आहे. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

६. दिव्यांचा रोख संध्याकाळी ठरवला. गॅरेजसमोरची भिंत, दिव्यांपासून साडेसात मीटर. गाडी मंगळवारी हॉस्पिटलला निघते तशीच भरलेली : तुम्ही स्टिअरिंगवर, आई मागच्या सीटवर गादीवर आडवी, डोके उशांवर उंच, डिकीत चाकांची खुर्ची, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पिशव्या. झोताचा मध्य भिंतीवर त्रेसष्ट सेंटिमीटरवर. तिथे निळ्या खडूची रेघ आहे. रस्त्यावर हा झोत शंभर मीटरवर पडतो.

७. काच ठोठावून वर-खाली सांगायचे काम आईने केले. एक ठोका म्हणजे वर, दोन म्हणजे खाली. तिने सात वेळा सांगितले. त्यातले पाच वेळचे गरजेचे नव्हते.

८. आई दोनदा हसली. आवाज नाही, पण खांदे हलले.

पहाटे साडेचारला निघून एकशे चाळीस किलोमीटर जायचे म्हणजे पुढचे दिसायलाच हवे. वेग साठच्या वर नेऊ नका.

परदेशातल्या त्या प्रयोगशाळेतल्या दोन वर्षांच्या नेमणुकीचे कागद आले आहेत. सही ४ डिसेंबरपर्यंत करायची आहे. अजून केलेली नाही. आईचे उपचार कसे चालतात ते पाहून ठरवीन.

लोभ आहे तो बोल्टांसारखा घट्ट असू द्यावा.

आपली मुलगी

*

रविवार, १८ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि आठव्या कलमाबद्दल एक जास्तीचा.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचायला दिलं. तिने पाटीवर लिहिलं की, ही पोरगी लग्नाची पत्रिकासुद्धा कलमं पाडून छापील. ऑपरेशनमध्ये घसा कापल्यापासून तिला बोलता येत नाही आणि खडी फोडायच्या यंत्रांपाशी तीस वर्षं काढून मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्या घरात भांडण लिहून करावं लागतं. खडू संपला की तह.

मंगळवारी तुझे दिवे पहिल्यांदा लावले. कालव्याच्या पुलाअलीकडे विरळ धुकं होतं. रस्त्याच्या मधोमध एक घोडा उभा. आधीच्या दिव्यांत तो मला बंपरवरच भेटला असता. या खेपेला इतक्या लांबून दिसला की गाडी सावकाश थांबवून मी तुझ्या आईला उठवून बसवलं आणि दाखवला. तोही हलेना, आम्हीही हलेनात. शेवटी त्यालाच कंटाळा आला.

बाकी बेताचं चाललंय. या मंगळवारचे उपचार तिला जड गेले. दोन दिवस पाण्याव्यतिरिक्त काही नाही. पण दिवे उत्तम आहेत. आमचा लोभ तुझ्याकडे लागलेला आहेच, त्याचा फ्यूज उडत नाही.

बाबा

फूटपट्टी, पाचही वेळचे गरजेचे होते. मी ठोठावलं की तू उठून दिव्यासमोर यायचीस आणि तुझ्या तोंडावर उजेड पडायचा. कागदांवर सही कर. — आई

*

बुधवार, ११ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. मंगळवारची फेरी चालू आहे. तुझी आई झोपली आहे, म्हणून या पत्राला तिच्या ओळी नाहीत.

लिहायला बसलो ते एका तक्रारीसाठी. जादा दिवे खाली पाहायला लागलेत. आधी पुलाचा कठडा रस्त्यावरच्या अलीकडच्या मोरीपासून दिसायचा, आता निम्मं अंतर गेल्यावर दिसतो. ३ तारखेला वाटलं धुक्यामुळे असेल. काल धुकं नव्हतं, तरी तेच. काय पाहू ते लिही. तू सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.

सही केलीस का, ते तुझ्या आईने विचारलं आहे.

लोभ असू दे.

बाबा

*

शनिवार, १४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दिवे आपोआप खाली येत नाहीत. कारण शोधण्यासाठी चार गोष्टी पाहा. बोल्टांवरच्या लाल रेघा सलग आहेत का. चारही टायरांची हवा पूर्वीइतकीच आहे का. निळ्या रेघेपासून झोत किती खाली पडतो. आणि पुढच्या व मागच्या चाकावरची कमान जमिनीपासून किती उंच आहे. मी मोजली तेव्हा पुढची चौऱ्याऐंशी होती, मागची साडेपंचाऐंशी.

मापे मंगळवारी निघायच्या वेळी घ्या, गाडी पूर्ण भरल्यावर. रिकाम्या गाडीची मापे मला उपयोगाची नाहीत.

आईच्या ओळी दोन पत्रांत नाहीत असे होऊ देऊ नका. ती जागी असताना लिहायला बसा.

सही केलेली नाही. लोभ आहे तसा असावा.

आपली मुलगी

*

बुधवार, १८ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

काल निघताना मोजलं. लाल रेघा सलग आहेत, बोल्ट केसभरही फिरलेले नाहीत. हवा बरोबर. झोत निळ्या रेघेच्या साडेपाच सेंटिमीटर खाली. पुढची कमान चौऱ्याऐंशी. मागची सत्त्याऐंशी पूर्णांक तीन. दोनदा मोजलं. टेप तुझाच, तू ठेवून गेलेला.

एवढंच लिहितो. लोभ ठेव.

बाबा

*

शनिवार, २१ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची मापे अचूक आहेत. दिवे हललेले नाहीत.

मागची बाजू एक पूर्णांक आठ सेंटिमीटर उचलली गेली आहे. मागून गाडी तेवढी उचलली की भिंतीवर झोत साडेपाच सेंटिमीटर खाली येतो, हिशेब जुळतो. त्या गाडीच्या स्प्रिंगा तेवढ्या उचलायच्या तर मागून साधारण नव्वद किलो उतरले पाहिजेत.

त्या शनिवारी डिकीत चाकांची खुर्ची होती, सतरा किलो. सिलिंडर स्टँडसकट सोळा. गादी आणि पिशव्या मिळून चौदा. एकूण सत्तेचाळीस. राहिले त्रेचाळीस. ऑक्टोबरच्या हॉस्पिटलच्या कागदावर आईचे वजन त्रेचाळीस लिहिलेले होते.

मी हे चार वेळा तपासले. टायर, स्प्रिंग, पेट्रोल, भिंतीसमोरच्या जमिनीचा उतार, सगळे धरून पाहिले. दुसरे काही निघावे म्हणून मी प्रयत्न केला.

मंगळवारी पहाटे तुम्ही एकटेच जाता. कधीपासून? आणि कशासाठी?

आणखी एक. आयुष्यभर यंत्रे जुळवलेल्या माणसाला मागची सीट रिकामी असली की दिवे खाली पाहतात हे कळले नसेल, असे मला वाटत नाही.

खरे लिहा. लोभ आहे, म्हणून विचारते.

आपली मुलगी

*

बुधवार, २५ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद देताना आज हात जड आहे.

तुझा हिशेब बरोबर आहे.

२७ ऑक्टोबरला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. मला लिहून दिलं, तिला तोंडी सांगितलं. उपचार लागू पडत नव्हते. पुढे चालू ठेवले तर त्रास तेवढा होणार, दिवस वाढणार नाहीत. तुझ्या आईने पाटी मागून घेतली आणि पुरे असं लिहिलं. मी पुसलं. तिने पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. येताना तिला आडवं व्हायचं नव्हतं. काच खाली करून एकशे चाळीस किलोमीटर बसून आली, काही बघायचं राहू नये अशी.

घरी आल्यावर तिने माझ्याकडून शब्द घेतला की, तुझी सही होईपर्यंत तुला सांगायचं नाही. तिचं म्हणणं असं पडलं की, पोरीला कळलं तर ती सगळं टाकून येईल, उशाशी घड्याळ घेऊन बसेल आणि माझे श्वास मोजेल. मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

तेव्हापासून मंगळवारी मी एकटा जातो, दुखणं थांबवायचं औषध आणायला. ते आठवड्याचंच देतात. माघारी येईपर्यंत शेजारच्या नर्सबाई तिच्याजवळ बसतात.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. मला पहिल्याच मंगळवारी कळलं. औषध घेऊन परतल्यावर तेरा नंबरचा पाना काढला. दिवे निळ्या रेघेपर्यंत वर घ्यायचे, दोन मिनिटांचं काम. बोल्टाला पाना लावला आणि हात चालेना. एकदा दिवे वर घेतले की ती गाडीत नाही हे मी माझ्याच हाताने पक्कं केल्यासारखं झालं असतं. पाना पुसून ठेवून दिला. मग वाटलं, तुला सांगायचं नाही असा शब्द दिलाय, तक्रार करायची नाही असा कुठे दिलाय? म्हणून तुला तक्रार लिहिली. तू मापं मागणार हे मला माहीत होतं. मापं मिळाल्यावर तू काय करणार हेही. मी शब्द मोडला नाही, पोरी. मी फक्त टेप धरला.

तुझं पत्र काल तिला दाखवलं. त्रेचाळीसपर्यंत आली आणि तिचे खांदे हलले. माझ्याकडे असं पाहिलं की, जणू लग्नापासून एवढी चोरी या माणसाला पहिल्यांदा जमली, तीही मापासकट. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं, ते बराच वेळ. तुला बोलावू का, असं मी पाटीवर लिहून समोर धरलं. तिने डोळे मिटून घेतले. आता याचा अर्थ हो की नाही, मला कळत नाही. शनिवारपासून तिच्या हातात खडू राहत नाही. पाटी उशाशी आहे, कोरी.

तू ये असं मी लिहीत नाही. नको येऊस असंही लिहीत नाही. एवढंच लिहितो की घर फार मोठं वाटतं.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

बाबा

*

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दुपारी मिळाले. मी रागावलेली नाही. टेप बरोबर धरलात.

आधी दिव्यांचे. आता झोत अठ्ठेचाळीस मीटरवरच पडतो. तेवढ्या अंतरात घोडा वाचणार नाही आणि तुम्हीही. हे पत्र सोमवारी पोचेल. मंगळवारी निघण्याआधी तेरा नंबरचा पाना घ्या, लाल रेघा तुटू द्या आणि दिवे निळ्या रेघेपर्यंत वर घ्या. रेघ आहे तिथेच राहू द्या, पुसू नका. आई पुन्हा मागे बसली तर झोत रेघेच्या वर जाईल. तेव्हा आपण दिवे खाली घेऊ. त्यालाही दोनच मिनिटे लागतात.

आता माझे. तिचे म्हणणे खरे आहे. मी आले तर श्वास मोजेन. मला दुसरे काही करता येत नाही. त्या शनिवारी तिने ठोठावले तेव्हा मी झोताचा मध्य पाहत होते. मागे वळून काचेकडे एकदाही पाहिले नाही. पाच वेळचे गरजेचे नव्हते, हे मी तुम्हाला लिहूनही पाठवले. ते वाक्य मागे घेते आहे.

नेमणुकीच्या कागदांवर आज सही केली. तिने घातलेली अट पुरी झाली. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायला लेखी विचारले आहे आणि त्यांनी दोन महिने दिले आहेत. ४ डिसेंबरच्या सकाळच्या गाडीचे तिकीट काढले आहे. बॅग भरलेली आहे. मी आजच निघू शकले असते. पण मी येऊन बसू नये असे तिचे म्हणणे आहे आणि तिचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. मोडायचा तर तिला विचारून मोडायचा आहे.

म्हणून एवढे करा. हे पत्र तिला दाखवा. मग तिचा हात पलंगाच्या लाकडी कडेवर ठेवा आणि शेजारी तुमचा तळवा सपाट टेकवा. ठोका तुम्हाला ऐकू येणार नाही, पण हाताला कळेल. एक ठोका म्हणजे ये. दोन म्हणजे नको. दोन आले तर मी तिकीट परत करीन आणि त्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

घाई करू नका. तिला वेळ लागेल. जितके ठोके येतील तितके सगळे लिहा, गरजेचे वाटले नाहीत तरी.

लोभ माझ्याकडून कधी दिसला नसेल; होता.

गुरुवार, ३ डिसेंबरपर्यंत मला उत्तर मिळावे.

फूटपट्टी